डोंगरास राखण द्यावी

लालबाग, मुंबई
ता. ७ एप्रिल १९५७

ती. गं. भा. कमलावहिनी यांस,
राजारामचे शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शिमग्यानंतर लगेच पोचलं होतं. रोज खिशात घालून गिरणीत नेतो आणि तसंच परत आणतो. उत्तर लिहायला बसलो की डोळे मिटतात, महिनाभर रात्रपाळी चाललीय. त्याआधी निवडणुकीची धावाधाव होती. आमच्या वॉर्डात समितीचा माणूस निवडून आला, चाळीचे जिने गुलालाने लाल झाले, पण मुंबई काही अजून महाराष्ट्राला मिळालेली नाही. घोषणा देऊन घसा बसला, आणि कामावर पुन्हा तेच विणकामाचे साचे नि तीच रुई. नलू म्हणते, तुम्ही आता माणूस कमी आणि खोकला जास्त झालात.

वरच्या झऱ्याने यंदा होळीलाच हात वर केले आणि तुम्ही नदीवरून पाणी आणता, हे वाचून बरं वाटलं नाही. त्या कंबरेला नदीची चढण झेपणार नाही, वहिनी. दादा गेल्यापासून दर उन्हाळ्यात मी हेच लिहितो. घराला कुलूप लावा आणि इकडे या. खोली लहान आहे, पण मोरीजवळचा कोपरा तुमचा. नळाला पहाटे पाणी येतं, भांडण करून का होईना, मिळतं.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे, म्हणून दुसरी एक खटपट केली. गेल्या रविवारी परळला आपल्या आंबेखोल गावकरी मंडळाची सभा झाली, तिथे झऱ्याचा विषय काढला. आमच्या चाळीतला रामदास पालिकेच्या पाणीखात्यात आहे, त्याला बरोबर नेलं होतं. तो म्हणाला, मुंबईला जिथून पाणी येतं त्या तानसाच्या तलावाभोवतीच्या रानात कुऱ्हाड चालू देत नाहीत, गुरं सोडू देत नाहीत. रान राहिलं तर पाणी मुरतं, मुरलं तर उन्हाळ्यात झिरपतं. आपण गावचा डोंगर आधी कोळशाच्या ठेकेदाराला दिला आणि उरला तो शेळ्यांना. मग झऱ्याने तरी कुठून आणायचं?

ठराव झाला. तो लिहिला मनमोहनरावांनी. आपल्या जुन्या खोतांचे ते नातू, जन्म गिरगावात फणसवाडीतला, गावी दोनदा आले असतील नसतील, पण कागद सुरेख लिहितात. ‘झऱ्यावरील डोंगरास तीन पावसाळे राखण द्यावी, आणि चाकरमान्यांनी मे महिन्यात जाऊन चर खणावेत, ओहोळांत दगडी बांध घालावेत’, असं ठरलं. कागद लवू मानकऱ्याकडे पाठवलाय.

आता माझीही एक अट. तीन पावसाळ्यांनंतर झरा वैशाखापर्यंत टिकला नाही, तर घर बंद करून मुकाट्याने इकडे यायचं. कबूल असेल तर तसं कळवा.

नदीवर एकट्या जाऊ नका. माझ्यावर चिडलात तरी चालेल, लोभ तेवढा रागापेक्षा चार बोटं वर असू द्या.

आपला,
राजाराम

—

आंबेखोल
ता. २ मे १९५७

चि. राजाराम भावोजी यांस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद. सौ. नलूस आशीर्वाद, मुलांस गोड पापे.

ठराव देवळात वाचला गेला. लवूने चष्मा लावून वाचला, आम्ही बायका खांबामागे होतो. ‘डोंगरास राखण द्यावी’ म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाला काही विचारावंसंच वाटलं नाही. आणि पुढच्या बुधवारी कोंबडं आणलं.

भावोजी, तुमच्या त्या गिरगावकराला सांगा, आमच्याकडे राखण देतात ती डोंगराच्या राखणदाराला, आणि ती कोंबड्याची देतात. माणसं उभी करून डोंगर सांभाळा असं म्हणायचं होतं तर तसं लिहायचं. करायला गेले गणपती, झालं माकड. मला वाचतानाच शंका आली होती, पण देवळात बाईने मध्ये तोंड घालायचं नसतं.

पुढे आणखी गंमत. राखणेचं कोंबडं वर न्यायचं काम पिढ्यान्‌पिढ्या खालच्या वाडीचं. मी आधी वाडीचं जुनं नाव लिहिलं होतं, ते खोडलं. त्यांनी दीक्षा घेतलीय, आता बौद्धवाडी म्हणायचं, असं जाईबाईने मला बजावलंय. तुमच्या गिरणीतल्या भिवाची ही आई. तिचा थोरला सीताराम देवळाबाहेर येऊन उभा राहिला आणि म्हणाला की आम्ही देव सोडले, आता कोंबडं नेणार नाही. गलका झाला. कुणी काय काय बोललं ते लिहीत नाही. त्याने कागद पुन्हा वाचायला सांगितला. मग म्हणाला, कागदात कोंबडं कुठे आहे, राखण आहे. डोंगर आमच्या वाडीच्या डोक्यावर उभा आहे, तेव्हा राखण आम्ही करू, कोंबडं तुम्ही द्या.

लवू हसून म्हणाला, करा बापडे. सगळे हसले. शेवटी लवूनेच कोंबडं वर नेलं, धापा टाकत. माझ्याकडे वाटा आला तो नुसता रस्सा होता.

अट कबूल आहे. तीन पावसाळे. पण झरा टिकला तर ‘या’ म्हणून पुन्हा एक अक्षर लिहायचं नाही. मोरीजवळचा कोपरा तुम्ही मनापासून देता, मला कळतं. पण या घरात मी कुणाच्या कोपऱ्यात राहत नाही, भावोजी. तुमचे दादा गेले, सासूबाई गेल्या, आता मला माझं म्हणायला एवढंच आहे. हे बंद झालं की मी कोण, ते मला सांगता येणार नाही.

खोकल्यावर अडुळसा पाठवतेय, तो काढा करून प्या, खिडकीत ठेवू नका. आमची आठवण उचकीपुरती तरी राहू द्यावी.

तुमची,
वहिनी

—

लालबाग, मुंबई
ता. १६ जून १९५७

ती. वहिनी यांस,
राजारामचे शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र नलूला वाचून दाखवलं, तर ती परातीतले कणकेचे हात तसेच ठेवून हसत बसली. पुष्कळ दिवसांनी या खोलीत कुणी हसलं. मंडळाच्या सभेत सांगितलं तेव्हा मात्र हसू आलं नाही. मनमोहनराव कानापर्यंत लाल झाले. त्यांच्या गिरगावात राखण म्हणजे राखणच, वॉचमनची. ते म्हणाले, लगेच शुद्धिपत्रक काढतो. तर म्हातारे म्हणाले, देवाला दिलेलं शुद्धिपत्रकाने परत घेता येत नाही. बाकीचे म्हणाले, चूक दुरुस्त केली तर वरच्या वाडीला रोज माणूस उभा करावा लागेल, खालचे फुकटात करताहेत तर करू देत. ते सगळ्यांच्या सोयीचं होतं. चहा आला, सभा संपली.

दुसऱ्या दिवशी भिवाने गिरणीच्या दरवाज्यात गाठलं. तो सूतखात्यात, मी साच्यांवर. एकाच भोंग्याला आत जातो, एकाच भोंग्याला बाहेर येतो, पण नायगावला त्याच्या चाळीत मी कधी पाय ठेवलेला नाही. आमच्या खात्यातलं पिण्याचं पाणीसुद्धा निराळं. त्याने सरळ विचारलं की मंडळाचं नाव आंबेखोल गावकरी मंडळ आहे, तर आम्ही गावकरी नाही काय. मी म्हटलं, बघू. मुंबईत ‘बघू’ म्हटलं की माणूस समजायचं ते समजतो. तोही समजला.

सांगत होता की घरून पत्र आलंय, राखण सुरू झाली. पाळ्या लावल्यात. जेवायला घरी जातात तेवढाच डोंगर मोकळा.

मला त्याचं तोंड दिवसभर आठवत राहिलं. काय करू, वहिनी? घरी आलो की पायातली चप्पल काढायचं त्राण नसतं, त्यात गावाशी भांडण कुठून काढू? अडुळसा पितो आहे, कडू आहे.

हात चालत नाही म्हणून थांबतो. पत्र आखूड झालं तरी माया आखूड समजू नये.

आपला,
राजाराम

—

आंबेखोल
ता. ९ फेब्रुवारी १९५८

चि. राजाराम भावोजी यांस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या ठरावाने मला आज चोर केलं.

भाताच्या रोपांची जमीन भाजायला कवळ लागते, म्हणून दरवर्षीसारखी वर गेले आणि फांद्या तोडल्या. भारा डोक्यावर घेऊन उतरत होते, तर वाटेत सीताराम आडवा. अंगाला हात लावला नाही, आवाज चढवला नाही, नुसता उभा राहिला. भारा खाली ठेवा, म्हणाला. मला एवढा संताप आला की काय बोलले ते आठवलं तरी लाज वाटते. मी म्हटलं, अरे, या झऱ्यासाठी मुंबईला पत्र लिहिणारी मीच. तर म्हणतो कसा, मग तुम्हीच आधी ठेवायला हवा. भारा तिथेच टाकला आणि घरी येऊन दार लावून रडले.

संध्याकाळी कळलं की गेल्या आठवड्यात त्याने स्वतःच्या आईलाही असंच परत पाठवलं. जाईबाई म्हणे सगळ्या वाडीला सांगत होती की याला मी वाढवला तो डोंगराच्या नोकरीसाठी. ते ऐकून राग उतरला. पण राग उतरून चूल पेटत नाही. खाली पडलेलं सुकं तेवढं उचलायला मोकळीक आहे. ते वेचण्यात अर्धी सकाळ जाते. शेणी दुप्पट थापते. हाताची सालं निघालीत.

लवूच्या शेळ्या दोनदा परत आल्या तेव्हा त्याने देवळात आरडाओरडा केला. त्यावर खांबामागून कुणीतरी म्हणालं की राखण तर मानकऱ्यानेच आपल्या हाताने वर दिली, आता राखणदाराच्या तोंडचं शेळ्यांना चारतो काय. लवू तसाच उठून घरी गेला. कोण बोललं ते त्याला अजून कळलेलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका, ती मीच होते.

झरा मात्र बारीक होत चाललाय. होळी दिसेल असं वाटत नाही. एक पावसाळा गेला, दोन उरले.

मे महिन्यात कुदळी घेऊन या, नुसते आंबे खायला नको. आशीर्वाद तर आहेतच, पण ते चालत येणाऱ्याला जास्त लागतात.

तुमची,
वहिनी

—

लालबाग, मुंबई
ता. २३ नोव्हेंबर १९५८

ती. वहिनी यांस,
राजारामचे शि. सा. न. वि. वि.

चर खणून आलो त्याला सहा महिने झाले, पण तळहाताचे घट्टे अजून आहेत. साचेवाल्याला कुदळ म्हणजे शिक्षाच. मनमोहनराव टोपी घालून दोन दिवस खणले आणि चार दिवस पाठीला तेल लावून पडले, तरी आले हे खरं. डोंगरावर एक गोष्ट पाहिली, ती मनातून जात नाही. वरचे चर आपल्या वाडीने खणले, खालचे त्यांच्या वाडीने. काम एक, डोंगर एक, आणि पिण्याच्या पाण्याच्या घागरी दोन झाडांखाली दोन. माती खणताना कुणाला कुणाचा विटाळ नव्हता.

इकडचं काय सांगू? सीमेच्या सत्याग्रहाला आमच्या चाळीतले दोघे गेले. मोर्चाला मीही जातो, पण आता मागे चालतो. तोंडाने घोषणा चाललेली असते आणि डोक्यात रेशनची रांग. परळच्या डॉक्टरांनी रुईच्या धुळीपासून लांब राहा म्हणून सांगितलंय. गिरणीत धुळीपासून लांब म्हणजे गेटाबाहेर. त्यांना काय, सांगायला पैसे पडत नाहीत.

वहिनी, आता मी तुमच्यासाठी म्हणून नाही, आमच्यासाठी म्हणून लिहितो. घरात मोठं माणूस नाही. नलू पहाटे नळावर भांडते, दिवसभर पोरांशी भांडते आणि मी आलो की तिच्यात भांडायलाही जीव उरत नाही. तुम्ही आलात तर तिला आधार होईल. मलाही होईल. लहानपणी ताप आला की तुम्ही कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवायचा, तसं कुणीतरी हवं वाटतं. एवढा बाप्या होऊन हे लिहितोय, हसू नका.

अट मोडत नाही. अजून एक पावसाळा आहे. पण झऱ्याने दगा दिला तर या खेपेला वाद नको.

थकलेल्या माणसाचं पत्र असंच असतं. आपल्या जिव्हाळ्याची सावली राहावी, एवढंच मागणं.

आपला,
राजाराम

—

आंबेखोल
ता. २० मार्च १९६०

चि. राजाराम भावोजी यांस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

पाणी आलं. पण आधी सगळं वाचा, मग पेढे आणा.

वरचा झरा होळीच्या आधी आटला तो आटलाच. तिसरा पावसाळा होऊन गेला, डोंगर पाहाल तर ओळखणार नाही, करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढावी लागते. आणि झऱ्याच्या कुंडात पालापाचोळा. मी तिथे दगडावर बसले आणि मला उठवेना. तीन वर्षं सुकी लाकडं वेचली ती कशासाठी, असं वाटलं. तुमच्या कोपऱ्यात ट्रंक मावेल का, याचाही विचार करून झाला.

चार दिवसांनी कळलं. सीतारामच्या घराच्या मागे डोंगराच्या पायथ्याशी ओल दिसत होती. त्यांनी दगड बाजूला केले, थोडं खणलं, आणि पाणी फुटलं. आता तिथे गुडघाभर कुंड झालंय. भरलं तितकं पुन्हा चढतं. जुनी माणसं सांगतात, कोळशाच्या भट्ट्या लागल्या त्या वर्षांत वरची माती घसरून झऱ्याची मूळ वाट बुजली असणार. आता मुरलेलं पाणी आतल्या आत खाली उतरलं आणि वाट मिळाली तिथे निघालं.

म्हणजे बौद्धवाडीत निघालं.

वरच्या वाडीला हे पचत नाही. देवाला गाऱ्हाणं घालून झालं. कोंबडं आमचं आणि पाणी त्यांना, असं लवू म्हणतो. राखण कुणी केली ते कुणी बोलत नाही. खालून निरोप आला होता की पाणी सगळ्यांचं आहे, कळश्या घेऊन या. कुणी गेलं नाही. मीही गेले नाही. नदीत खड्डे खणून वाट बघत बसतो, अर्ध्या दिवसाला एक कळशी, तीही गढूळ. जाईबाई परवा वाटेत भेटली. माझ्या कळशीत डोकावून पुढे गेली.

आपल्या अटीचं काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. झरा टिकला का? टिकला. कुठला टिकला पाहिजे, ते तुम्ही लिहिलं नव्हतं. हे वकिली झालं, मला कळतं. पण घर सोडायचं म्हटलं की माणूस वकील होतो.

इकडे काय करावं ते सुचत नाही. तुमचं मत लवकर कळवावं, वहिनीला सल्ला देण्याएवढे तुम्ही आता मोठे झालात.

तुमची,
वहिनी

—

लालबाग, मुंबई
ता. १७ एप्रिल १९६०

ती. वहिनी यांस,
राजारामचे शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मत मागितलंत, आणि मी मंडळाचा निर्णय पाठवतोय. तेवढंच हातात आहे.

सभा दोन तास चालली. असं ठरलं की मंडळाने वर्गणी काढून खालच्या पाण्यावर सिमेंटचं टाकं बांधायचं, मधोमध भिंत घालायची, एक बाजू वरच्या वाडीची आणि एक बाजू त्यांची. टाकं होईपर्यंत वरच्या वाडीतल्या कुणीही तिथे पाणी भरायचं नाही. भरेल त्या घराची देवळातली दिवाबत्तीची पाळी बंद, आणि त्या घरी गावाने जायचं-यायचं नाही. मनमोहनरावांनी या खेपेला एकेका शब्दाचा अर्थ दोन-दोनदा विचारून लिहिला. चूक राहू नये म्हणून.

भिवा आला होता. दाराशी उभा होता, त्याला कुणी बस म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की पाणी हवं तेवढं भरा, भिंत मात्र आम्ही घालू देणार नाही. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, वहिनी. उद्या पोरीच्या लग्नाला, मला खांदा द्यायला हीच माणसं लागणार. उठून बोलावं असं छातीत येत होतं, पण ते खोकल्यातच गेलं.

इकडे राज्य यायची तयारी चाललीय. पहिल्या मेला मुंबई आपली होणार. गिरण्यांवर दिव्यांच्या माळा चढवताहेत, परळ ते गिरगाव सगळी दुकानं रंगवून झाली. एवढ्या वर्षांची मारामारी, गोळ्या खाल्लेली पोरं, आणि आता खरंच होतंय तर मला आनंदाने उडी मारता येत नाही. झोप यावी असं वाटतं.

तुम्ही एकट्या आहात. गावाने वाळीत टाकलं तर आजारपणात भाकरी कोण देईल? त्या पाण्याला जाऊ नका, आणि नदीवरही मरू नका. ट्रंक भरून ठेवा. रविवार ता. ८ मेच्या बोटीचं तिकीट काढून मी तुम्हाला न्यायला येतो. नलूने कोपरा झाडून ठेवलाय, भिंतीला चुनाही दिलाय.

भेटीत सविस्तर बोलूच. तोवर दिराला भित्रा म्हणा, पण परका म्हणू नका.

आपला,
राजाराम

—

आंबेखोल
ता. ४ मे १९६०

चि. राजाराम भावोजी यांस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तिकीट काढलं असेल तर परत करा. मी येत नाही.

पहिल्या तारखेला इथे शाळेत झेंडा लावला. मुलांना साखर वाटली. लवूने भाषण केलं की आजपासून सगळे मराठी एक झाले, आपला-परका राहिला नाही. ऊन फार होतं. भाषण संपल्यावर मुलांनी पाणी मागितलं, तर शाळेच्या माठात थेंब नव्हता. बौद्धवाडीतली मुलं आपल्या घरी जाऊन पिऊन आली. आपली मुलं साखर चघळत उभी राहिली.

मी घरी आले. रांजणाच्या तळाला नुसता गाळ होता. कळशी उचलली आणि खाली उतरले. भर दुपारी, सगळ्या दारांसमोरून. चोरून गेले असते तर ते चोरीचं पाणी झालं असतं.

खालच्या बायका मला बघून कळश्या भरायच्या थांबल्या. तिथवर गेले खरी, पण पुढे कसं करायचं ते मला कळेना. दुसऱ्या वाडीच्या पाण्यावर माणसाने काय करायचं, याची मला एकच रीत ठाऊक. ती मी जन्मभर पाहिली होती, वरच्या बाजूने. कळशी लांब ठेवली, उकिडवी बसले आणि ओंजळ पुढे धरली. आमच्या झऱ्यावर जाईबाई अशीच बसायची आणि मी वरून ओतायचे.

जाईबाई बघतच राहिली. मग चिडली. एवढी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. म्हणाली, ती ओंजळ आधी खाली करा. आमच्या पाण्यावर कुणी असं बसायचं नाही, आम्ही कुणाला वरून ओतत नाही. उठा आणि आपल्या हाताने कळशी बुडवा.

मी उठले. कुंडाकाठचा दगड शेवाळलेला होता, तर तिने माझा दंड धरला. कळशी भरेपर्यंत सोडला नाही. पाणी गार आहे, भावोजी, आणि गोड आहे.

परत येताना कुणी दार लावलं, कुणी तोंड फिरवलं. आता तीन दिवस झाले. देवळातली पाळी गेली, लवूची बायको अंगणातून वळसा घालून जाते. त्याचं दुःख नाही असं मी म्हणणार नाही, रात्री फार एकटं वाटतं. दमलेही आहे. पण रोज दोन खेपा करते, चूल पेटते, दिवा लागतो. आज सकाळी शाळेतल्या मास्तरांची बायको कळशी घेऊन माझ्या मागून गुपचूप उतरली. मी मागे वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर ती परत फिरली असती.

तुमच्या मंडळाची सभा पुन्हा भरेल. तिथे विचारतील की राजारामच्या घरात पाणी कुठलं. तिथे मला जागा नाही, तेव्हा उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, आणि ते बसून देता येणार नाही.

रजा मिळेल तेव्हा सगळे या. कोपरा नको, अख्खं घर आहे. उंबऱ्यात तांब्या देईन. हे पाणी प्या, आणि मग ठरवा माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही.

तुमची,
वहिनी